वरचा विस्तव, खालचा विस्तव : शेतावर बिडाच्या हंडीतला स्वयंपाक

हिवाळा सुरू झाला की आमच्या बेळगावच्या मित्रमंडळींत खानापूरच्या बाजूला कुणाच्या तरी शेतात तंबू ठोकून रात्र काढण्याचे बेत आखले जातात. अलीकडे अशा बेतांत घडीच्या शेगडीबरोबर बिडाची जाड, झाकणाची हंडीही गाडीत चढू लागली आहे. इंग्रजी व्हिडिओंतून ती ‘डच अव्हन’ या नावाने ओळखीची झाली. ती आणणाऱ्या बहुतेकांची तक्रार मात्र एकच असते : तळाला करपते आणि वरचा भाग कच्चा राहतो. दोष हंडीचा नसतो आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताचाही नसतो. ही हंडी मुळात वरून आणि खालून अशी दोन्हीकडून आच घेण्यासाठी घडवलेली आहे आणि घडीच्या शेगडीत सगळा विस्तव खालीच असतो. तो विस्तव वर कसा न्यायचा, किती न्यायचा आणि खाली किती ठेवायचा एवढे जमले, की या भांड्यात रस्सा, भात, भाजलेली रताळी आणि केकच्या जातीचे पदार्थ असे सगळे होते.

खऱ्या कॅम्प हंडीच्या तीन खुणा असतात. तळाला तीन आखूड पाय, वर उचलायला तारेची कडी, आणि झाकण सपाट असून त्याच्या काठाला बोटभर उंचीची उभी कड. ही कड म्हणजे निखारे घसरू नयेत म्हणून केलेले कुंपण आहे आणि माझ्या मते सगळ्या भांड्यात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. १७०७ साली अब्राहम डार्बी याने वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याच्या पद्धतीचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले, तेव्हापासून अशी आधीच्यापेक्षा पातळ बाजूंची आणि तरीही मजबूत भांडी स्वस्तात तयार होऊ लागली. पुढे अमेरिकेत वसाहत करणाऱ्यांनी ती बैलगाड्यांतून आणि घोडागाड्यांतून सगळीकडे नेली. वाळूच्या साच्यात बीड ओतणे ही आम्हा बेळगावकरांना नवलाची गोष्ट नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत पंपांचे आणि यंत्रांचे सुटे भाग याच रीतीने ओतले जातात, त्यामुळे “बाहेरून कशाला मागवतोस, इथेच ओतून घे” असा सल्ला मला एकाहून अधिक जणांनी दिला आहे. मी तो मानला नाही. यंत्राच्या भागांसाठी वितळवलेल्या भंगारात काय काय आले असेल ते सांगता येत नाही, आणि जे भांडे अन्नाला लागणार ते अन्नासाठीच ओतलेले असावे. शिवाय झाकण काठावर घट्ट बसण्यातच या हंडीचे निम्मे काम असते. ते बसवण्याची घासाई एका नगासाठी कुणी मनापासून करत नाही.

शहरात मिळणारी रंगीत, मिन्याचा (एनॅमलचा) लेप दिलेली देखणी भांडी हीसुद्धा ‘डच अव्हन’ म्हणूनच विकली जातात. घरच्या गॅसवर ती उत्तम असतात, निखाऱ्यांसाठी मात्र ती नाहीत. धगधगत्या कोळशाने मिन्याला तडे जातात, टवके उडतात, आणि झाकणाची मूठ प्लास्टिकसारख्या पदार्थाची असेल तर ती आधीच जाते. बाहेर न्यायचे ते साधे काळे बीडच.

बीड उष्णता चटकन पसरवत नाही. ॲल्युमिनियमच्या तुलनेत त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता सुमारे चौथा-पाचवा हिस्साच असते. त्यामुळे खाली मधोमध ढीगभर निखारे ठेवले तर नेमका तेवढाच भाग लालबुंद तापतो, काठाकडचा भाग मागे राहतो आणि वाटण मध्यभागी जळते. याच मंदपणाचा दुसरा फायदा असा की जाड भिंती एकदा तापल्या की वाऱ्याची झुळूक आली, थंड मटण घातले किंवा कोळसा थोडा उतरला तरी आतली उष्णता लगेच ढळत नाही. म्हणून हंडी सावकाश तापवावी. रिकामी हंडी एकदम मोठ्या आचेवर ठेवू नये, आणि तापलेल्या हंडीत गार पाणी तर कधीच ओतू नये, कारण बीड वाकत नाही, सरळ तडकते. रश्शाला वाढवायचे पाणी आम्ही शेगडीच्या कडेला जर्मनच्या टोपात कढत ठेवतो. एरवी बिनकामाचा वाटणारा तो टोप इथे कामी येतो.

किती कोळसा लागतो, यावर इंग्रजी पुस्तकांत एक सोपा ठोकताळा असतो. हंडीचा व्यास जितके इंच, त्याच्या दुप्पट कोळशाचे गोळे घेतले की आत साधारण १७५ अंश सेल्सिअस उष्णता मिळते. १२ इंची हंडीला २४ गोळे, त्यांतले १५ झाकणावर आणि ९ खाली. हा हिशेब भाजण्याच्या पदार्थांसाठी आहे; रस्सा उकळायचा असेल तर खालचा वाटा वाढवायचा आणि तळायचे असेल तर सगळेच खाली. ठोकताळा खरा आहे, पण तो साच्यात दाबून केलेल्या एकसारख्या गोळ्यांवर बेतलेला आहे. आमच्याकडे आठवडी बाजारात पोत्यातून मिळतो तो लोणारी कोळसा, म्हणजे लाकूड जाळून केलेले लहान-मोठे तुकडे. तो लवकर पेटतो, जास्त तापतो आणि लवकर संपतो, आणि एक तुकडा मुठीएवढा तर दुसरा सुपारीएवढा असल्यामुळे मोजणीला काही अर्थ राहत नाही. म्हणून मी मोजण्याऐवजी निवडतो. लिंबाएवढे तुकडे एका बाजूला काढतो, चुरा आणि बारीक तुकडे पेटवणीसाठी ठेवतो, आणि झाकणाच्या काठालगत अशा तुकड्यांचे एकेरी कडे व मध्ये दोन-तीन तुकडे, एवढ्यावर सुरुवात करतो. आतली आच पाहण्याची रीत जुनीच आहे. रिकाम्या तापल्या हंडीत चिमूटभर पीठ टाकावे. ते लगेच काळे पडले तर आच फार आहे, आणि सावकाश बदामी झाले तर भाजणीला योग्य आहे.

लोणारी कोळसा निम्म्या वाटेवर राख होतो, हे धरूनच चालावे लागते. तासाभराचा पदार्थ असेल तर दुसरी खेप आधीच बाजूला पेटत ठेवावी लागते. त्यासाठी आम्ही तळाला भोके पाडलेला पत्र्याचा जुना डबा वापरतो. त्यात खाली शेणीचा तुकडा आणि वर कोळसा घातला की फुंकणी न लावताही निखारे तयार होतात. हवेत दव असले तर शेणी दमट होते; ती गाडीतच ठेवावी.

आता शेगडीबद्दल. घडीच्या शेगड्या पातळ पत्र्याच्या असतात आणि त्यांचे पाय मक्याची कणसे किंवा पनीर भाजण्याच्या अपेक्षेने केलेले असतात. १२ इंची हंडी रिकामीच आठ-नऊ किलोंची असते. आत कोंबडीचा रस्सा आणि वर निखारे आले की तिचे वजन कुठल्या कुठे जाते. म्हणून विकत घेण्याआधी शेगडीच्या जाळीवर दोन्ही हातांनी जोर देऊन पाहावे. ती लवली तर आपल्या कामाची नाही. शेगडी सपाट, गवत नसलेल्या जागी ठेवावी, आणि नांगरलेल्या भुसभुशीत रानात तर पायांखाली सपाट दगड द्यावेत. सपाट बुडाची हंडी असेल तर ती जाळीवर नीट बसते. पायांची असेल तर तिचे पाय जाळीच्या गजांमध्ये अडकतात आणि भांडे एका अंगाला कलते. अशा वेळी मी जाळी काढून टाकतो, शेगडीच्या तळाशी बोटभर राख पसरतो आणि हंडीचे पाय थेट त्या राखेवर टेकवतो. मग शेगडीचे काम फक्त निखारे एका जागी धरून ठेवण्याचे आणि वारा अडवण्याचे राहते, आणि खरे सांगायचे तर या हंडीबरोबर तिचा एवढाच उपयोग पुरेसा आहे.

खालचे निखारे हंडीच्या बुडाच्या परिघाखाली कड्यासारखे मांडावेत, मधोमध एकही नको. बीड स्वतःच ती आच हळूहळू आत खेचून घेते. दर पंधरा मिनिटांनी हंडी पाव फेरा एका दिशेने आणि झाकण पाव फेरा उलट दिशेने फिरवले, की एखादा तुकडा जास्त तापला असला तरी त्याची झळ एकाच जागी बसत नाही. वारा पश्चिमेकडून वाहत असेल तर त्या बाजूचे निखारे भराभर फुलतात. जांबोटी-कणकुंबीच्या पठारावर संध्याकाळी वारा असतोच, म्हणून पत्र्याचा एक आडोसा आम्ही नेहमी बरोबर ठेवतो.

झाकण उचलणे हे वेगळेच कसब आहे. आधी कुंच्याने वरची राख कडेला सारावी, मग लोखंडी आकडा झाकणाच्या कडीत अडकवून ते सरळ वर घ्यावे, तिरके नाही, आणि उताणे न करता दोन दगडांवर ठेवावे. सांडशीने झाकण उचलण्याचा प्रयत्न करणाऱ्यांच्या रश्शात राख हमखास पडते.

ज्यांच्या शेतात आम्ही उतरतो ते आप्पा पहिल्यांदा हंडी पाहून म्हणाले होते, “हे एवढं लोखंड कशाला आणलाय वो? आमची आई पातेल्यावर तवा झाकून त्येच्यावर इस्तू ठेवत होती की.” त्यांचे म्हणणे बरोबरच होते. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत आणि घाटाखाली कोकण-गोव्यात काकडीचे धोंडस याच रीतीने होत आले आहे : खाली मंद विस्तव, वर झाकणीत निखारे. हंडीने त्यात भर घातली ती दोन गोष्टींची. झाकण जड असल्यामुळे वाफ आत कोंडून राहते, आणि जाड भिंतींमुळे विस्तवाकडे सारखे बघत बसावे लागत नाही.

म्हणूनच या हंडीत करून पाहण्याचा पहिला गोड पदार्थ मला धोंडस वाटतो, केक नव्हे. जून तवसे, म्हणजे मोठी काकडी, दिवाळीनंतरही घराघरांत टांगलेले मिळते. दोन वाट्या तांदळाचा जाडसर रवा तुपावर खमंग भाजून घ्यावा. दोन वाट्या तवशाचा कीस त्याच्या सुटलेल्या पाण्यासकट, दीड वाटी चिरलेला गूळ, वाटीभर ओले खोबरे, चवीपुरते मीठ, वेलची आणि काजूचे तुकडे हे सगळे एकत्र करून मंद आचेवर घट्टसर शिजवावे. मग हंडीच्या तळाला तूप लावून त्यावर केळीचे पान अंथरावे आणि मिश्रण त्यात थापावे. खाली निखाऱ्यांचे विरळ कडे, वर त्याच्या दुप्पट. पाऊण तास ते एक तास लागतो. वरचा पापुद्रा तांबूस होऊन कडा सुटू लागल्या आणि सुरी कोरडी निघाली की झाले. गूळ असल्यामुळे हा पदार्थ खालून फार लवकर लागतो, तेव्हा शेवटच्या पंधरा मिनिटांत खालचे सगळे निखारे काढून टाकावेत आणि फक्त वरच्यांवर काम पुरे करावे. गरम असताना कापले तर भुगा होतो. निवू द्यावे, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर खावे.

तिखटाच्या बाजूला गावठी कोंबडी या भांड्यात जशी होते तशी गॅसवर होत नाही, असे माझे मत आहे. कांदा, सुके खोबरे, तीळ आणि खसखस आधी हंडीतच कोरडे भाजून घेतो, वाटण पाट्यावर करण्याची चैन शेतावर मिळाली तर करतो, नाहीतर घरून वाटून आणतो. तिखटासाठी संकेश्वरी मिरची. आमच्याच जिल्ह्यातली ही मिरची रंगाला आणि वासाला चांगली. तेलात कांदा परतताना निखारे खालीच हवेत. कोंबडी घालून पाणी सुटले की निम्मे उचलून झाकणावर न्यायचे आणि मग दीड तास झाकण उघडायचे नाही. बेळगावची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर असल्यामुळे पाणी इथे शंभराऐवजी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. कोकणातल्या घड्याळावर अवलंबून राहिलेल्यांचे मांस म्हणून थोडे चिवट राहते. दह्यात मुरवलेले मांस, कोकम, चिंच किंवा भरपूर टोमॅटो हे नव्या हंडीत टाळावेत. आंबटाने हंडीला बसलेला तेलाचा थर विरघळतो आणि रश्श्याला लोखंडी चव येते. वापरून काळी झालेली जुनी हंडी थोडा आंबटपणा सहन करते, पण तोही आयत्या वेळी घालून लगेच दुसऱ्या भांड्यात काढून घेण्याइतकाच.

रताळ्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बेळगाव-खानापूर पट्ट्यातली रताळी मातीसकट मिळतात. धुऊन, कोरडी करून, पाण्याशिवाय हंडीत भरावीत आणि वर-खाली सारखा विस्तव ठेवून तासाभरासाठी विसरून जावे. भाकरी मात्र झाकणावर करावी. कोंबडी उतरल्यावर झाकणावरचे निखारे शेगडीत ओतायचे, झाकण पुसून जाळीवर उताणे ठेवायचे, आणि बिडाच्या तव्यावर करावी तशी ज्वारीची भाकरी त्याच्या आतल्या बाजूवर टाकायची. तापायला वेळ घेते, पण मग फुगते ती अगदी चुलीवरच्यासारखी.

जागेबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. खानापूर तालुक्यात सुंदर म्हणावी अशी बहुतेक ठिकाणे वनखात्याच्या हद्दीत येतात. २०११ साली जाहीर झालेले भीमगड अभयारण्य सुमारे १९० चौरस किलोमीटरचे आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात आग लावणे किंवा ती लागेल अशा रीतीने विस्तव सोडून जाणे हा गुन्हा आहे. शेगडी जमिनीपासून उंच असते एवढ्याने काही बदलत नाही. आम्ही जंगलाला लागून नसलेल्या खासगी शेतात, मालकाला विचारून, सुगी आटोपल्यावरच राहतो. फेब्रुवारीनंतर गवत इतके वाळते की उडालेली एक ठिणगी पुरेशी होते, त्यामुळे आमचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी एवढाच. या भागात गवे आणि अस्वले फिरतात; उरलेला रस्सा हंडीत झाकून बाहेर ठेवण्यापेक्षा डब्यात भरून गाडीत ठेवणे शहाणपणाचे.

थंडी वाजते म्हणून शेगडी तंबूच्या आत ओढून घेण्याचा मोह होतो, आणि हा मोह जिवावर बेततो. धुमसणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. विझल्यासारखी दिसणारी शेगडीसुद्धा रात्रभर बाहेरच राहिली पाहिजे.

हंडीची निगा लोकांना वाटते तितकी कटकटीची नाही. जेवण झाल्यावर हंडी कोमट असतानाच गरम पाणी घालून काथ्याने घासावी. थोडा साबण लागला तरी बिघडत नाही, पण रात्रभर पाण्यात भिजत ठेवली तर सकाळी तांबडी झालेली दिसते. मग ती उरल्यासुरल्या निखाऱ्यांवर ठेवून पूर्ण कोरडी करावी आणि शेंगदाणा तेलाचे बोट फडक्याने असे फिरवावे की तेल लावले आहे हे डोळ्यांना दिसूच नये. तेल जास्त राहिले तर ते चिकट होते. पातळ राहिले तर तापून त्याचा कडक, काळा थर बनतो, आणि पदार्थ चिकटू न देण्याचे काम हाच थर करतो. नवीन हंडी आणल्यावर हेच काम घरच्या ओव्हनमध्ये, ती पालथी ठेवून, २०० अंशांच्या वर तासभर तापवून दोन-तीनदा करावे. जवसाचे तेल यासाठी पुष्कळ जण सुचवतात. त्याचा थर कडक होतो खरा, पण माझ्या अनुभवात निखाऱ्यांच्या आचेवर त्याचे पापुद्रे निघतात. शेंगदाणा तेल बरे. बंद करून ठेवताना झाकण आणि काठ यांच्यामध्ये कागदाची घडी सरकवावी, म्हणजे आत दमट वास कोंडत नाही. पावसाळ्यात खानापूरकडच्या हवेत तर हे विसरून चालणारच नाही.

निघण्याआधी शेगडीतले निखारे आम्ही पाणी मारून पूर्ण विझवतो आणि राखेत हात घालून कुठे ऊब उरली आहे का ते पाहतो. हंडी त्या वेळी दूर ठेवलेली असते, कारण उडालेले गार पाणी तापल्या बिडाला पुरते. लोणारी कोळशाची राख निव्वळ लाकडाची असल्यामुळे आप्पा ती वांग्यांच्या वाफ्यासाठी ठेवून घेतात. बाजारी गोळ्यांच्या राखेचे तसे नाही. त्यांत बांधणीसाठी घातलेले पदार्थ आणि कधी कधी दगडी कोळशाचा चुराही असतो, म्हणून ती पोत्यात भरून परत आणावी लागते.